‘ओझं झेपत नसेल तर घरी बसा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पावसाळी सह्याद्रीसाठी कॅमेरा कोणता घ्यावा, या माझ्या लेखावर परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. तिथेच खाली उत्तर लिहायला बसलो तर ते लेखाएवढं लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी म्हटलं होतं की जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर भटकत फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करणाऱ्याने फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, नादी लागू नये. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरची एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी, १८-१३५ मिलिमीटरसारखी एकच झूम लेन्स घ्यावी, आणि उरलेले पैसे माइक, जास्तीच्या बॅटऱ्या आणि बऱ्यापैकी पिशवी यांवर घालावेत. उदाहरणादाखल सोनीचा ए६७०० आणि सोनीचीच १८-१३५ अशी जोडी दिली होती.

तुमच्या प्रतिक्रियेत पाच गोष्टी आहेत. फुल फ्रेमला पर्याय नाही. बॉडीला पाणी-धूळ अडवणारं सीलिंग आहे पण सुचवलेल्या लेन्सला नाही, मग पावसात त्याचा उपयोग काय. एनडी फिल्टरचा, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या काळसर काचेचा, पत्ता नाही. ड्रोनवर अक्षर नाही. आणि कंपनीने पैसे दिलेत का. हे सगळं ठीक आहे, लोक विचारतात. पण मधोमध तुम्ही एक वाक्य टाकलंय, ते जसंच्या तसं देतो: ‘ज्यांना ओझं झेपत नाही त्यांनी घरी बसून रील बघावेत, नवख्यांना सल्ले देऊ नयेत.’

आधी याचंच बघू.

झेपत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी कित्येक पावसाळे कॅननचा ५डी मार्क ३ वाहिलाय. सोबत २४-७० आणि ७०-२००, दोन्ही एफ २.८, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या. बॅटरीसकट बॉडी ९५० ग्रॅम, पहिली लेन्स ८०५, दुसरी जवळपास दीड किलो. म्हणजे सव्वातीन किलो नुसतं काच आणि धातू, वर ट्रायपॉड, पाणी, डबा, कोरडे कपडे. हे घेऊन मी राजगडावर मुक्काम केलाय, साल्हेर चढलोय. तेव्हा ओझं काय असतं हे मला कुणी प्रतिक्रियेतून शिकवायची गरज नाही. जो बदल केला तो वाहून झाल्यावर केला, न वाहता नाही.

ए६७०० चं वजन ४९३ ग्रॅम, १८-१३५ चं ३२५. दोन्ही मिळून ८१८ ग्रॅम. हे आकडे लेखातही होते. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, वजनाच्या मुद्द्यावरून थेट माझ्या तब्येतीवर घसरलात.

आणि वजन हा नुसता पाठीचा विषय नव्हताच. हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने जायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात, दगडाला धरायला. त्या घळीत मोठी बॉडी गळ्यात घालून कुणी चढत नाही, ती पाठीवरच्या पिशवीत तळाशी जाते आणि तिथेच राहते. वर कोकणकड्यावर सकाळी ऊन पाठीशी, खाली दरीत धुकं, असा योग आला तर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावरचं गोल इंद्रधनुष्य, दिसतं. दिसतं म्हणजे उमटतं आणि धुकं हललं की पुसलं जातं. त्या वेळात तुम्ही पिशवीचं पावसाळी कव्हर काढणार, चेन उघडणार, आतली प्लॅस्टिकची पिशवी सोडणार, ७०-२०० काढून २४-७० लावणार. छोटा कॅमेरा खांद्याच्या पट्ट्याला क्लिपने अडकवलेला असतो, हात गेला की हातात येतो. ‘सोबत असेल तोच कॅमेरा चांगला’ हे वाक्य मी मुद्दाम वापरत नाही, त्याचा चोथा झालाय. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. पिशवीत सोबत असणं आणि हातात असणं यात फरक आहे.

एक विचारतो, रागावू नका. तुमचं ओझं तुम्हीच वाहता ना? हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईहून निघालेले असे फोटोग्राफर मी पाहिलेत ज्यांच्या कॅमेऱ्याची पिशवी गावातल्या पोराच्या पाठीवर असते आणि स्वतःच्या हातात काठी. त्यात गैर काही नाही, त्या पोराला चार पैसे मिळतात. पण मग दुसऱ्याला झेपण्याबद्दल ऐकवू नये.

राहिलं ‘सल्ले देऊ नयेत’. माझ्या वडिलांचा नारायणगावात फोटो स्टुडिओ होता. यशिका, १२० चा रोल, एका रोलवर बारा फोटो. जत्रा असो, लग्न असो, पंचायतीचं उद्घाटन असो, बारात भागवायचं. लेन्स ठेवायच्या लाकडी कपाटात त्यांनी झिरोचा बल्ब लावून ठेवलेला असायचा, पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून. मी ते बघत वाढलोय. आता तुम्ही म्हणाल की १२० च्या रोलची निगेटिव्ह तर फुल फ्रेमहून कितीतरी मोठी. म्हणाल हे ठाऊक आहे म्हणून आधीच सांगतो: आहेच मोठी. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की या घरात कॅमेरा माझ्या जन्माआधीपासून आहे, तेव्हा नवख्यांशी कसं बोलावं हे मला थोडंफार कळतं.

त्या बल्बवरून आठवलं. अडीच-तीन लाखांच्या काचा घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या फोमच्या बॅगेत कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून देतात, जुलैत, मुंबईत. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की झालं. नवी लेन्स घेण्याआधी हे करा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, पीठ आणि धूळ आत जाते. हे तुमच्यासाठी नाही, इतर वाचकांसाठी.

आता फुल फ्रेम. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे प्रकाशाचा फरक एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) किंचित वर. हे मी नाकारलेलं नाही. लेखात ‘अंधारात फुल फ्रेम सरस’ असं स्पष्ट लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. प्रश्न एवढाच की पावसाळी भटकंतीत तो एक स्टॉप कुठे लागतो.

कास पठारावर लागत नाही. तिथली सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी असतात. ती जवळून टिपायची तर फूल पूर्ण शार्प येणंच मुश्कील. सारख्याच चौकटीला आणि सारख्याच एफ आकड्याला छोट्या सेन्सरवर फोकसची खोली, म्हणजे शार्प दिसणारा पट्टा, जास्त मिळते, म्हणजे इथे एपीएस-सीवाला उलट फायद्यात. तुम्ही ज्या ‘मलईदार बॅकग्राउंड’बद्दल, म्हणजे मागचं सगळं धूसर करण्याबद्दल, लिहिलंय ती कासवर नको असते, मागचं पठार, ते ढग, तो गुलाबी गालिचा दिसायला हवा असतो. पानभर मलई करून आणलेला तेरडा कुठल्याही कुंडीत काढता येईल.

काजव्यांसाठी तरी फुल फ्रेम हवाच, असं तुम्ही पुरुषवाडीचं नाव घेऊन लिहिलंत. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी, हंगाम बरोबर सांगितलात. पण काजव्यांनी लगडलेल्या झाडांचे जे फोटो तुम्ही बघता ते बहुतेक एका क्लिकचे नसतात. ट्रायपॉड हलू न देता पंधरा-वीस सेकंदांची बरीच एक्स्पोजर घ्यायची आणि घरी येऊन एकावर एक रचायची. यात सेन्सरपेक्षा ट्रायपॉडचे पाय आणि बसून राहायची तयारी कामाला येते. व्हिडिओत काजवे हवे असतील तर फुल फ्रेम आणि एफ १.४ ची लेन्स, तिथे तुमचं खरं आहे, पण वर्षातल्या दोन आठवड्यांसाठी कुणी तेवढा खर्च करावा असं मी सांगणार नाही. आणि कुठलाही कॅमेरा न्या, तिथे गाडीचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या मारत फिरू नका. काजव्यांचं मीलन त्या लुकलुकण्यावर चालतं.

लेन्सच्या सीलिंगचं वाचलं. माझ्याकडे पावसाचा जोर वाढला की कॅमेरा पिशवीत जातो, तेव्हा यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बॉडीवर ‘वेदर सीलिंग’ छापणाऱ्या बहुतेक कंपन्या आयपी आकडा, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं याचं मोजमाप, देतच नाहीत. ओएम सिस्टिमचा ओएम-१ आयपी५३ सांगतो, असे मोजकेच. शॉवर कॅप आणि रबर बँड यांची जोडी दहा-वीस रुपयांत येते आणि कुठल्याही लेन्सला बसते. पुढे जाऊ.

एनडी फिल्टर. हे राहिलं होतं आणि ते तुम्ही दाखवलंत, त्याबद्दल आभार. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर करायचा तर शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवलं की हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. ढग फाटून लख्ख ऊन पडलं की त्या शटरला चित्र पांढरं पडतं, मग एकतर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १६ पर्यंत मिटवा आणि शार्पनेस घालवा, नाहीतर तीन ते सहा स्टॉपचा एनडी लावा. माझ्या लेखात २५ फ्रेम आणि १/५० दोन्ही होतं, कारणासकट: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून टपरीतल्या ट्यूबखाली किंवा देवळातल्या दिव्याखाली चित्र लुकलुकत नाही. २४ किंवा ३० ठेवून १/६० ला शूट करणाऱ्यांना एडिटिंगच्या वेळी काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात आणि मग ते कॅमेऱ्याला दोष देतात. सांगायचं एवढंच की फिल्टरचं नाव घेतलं नाही म्हणजे लिहिणाऱ्याला व्हिडिओ कळत नाही, असं होत नाही. एनडीचं वाक्य आता लेखात घातलंय. तुमच्या नावानिशी घातलं असतं, पण नावच नाही.

माइकबद्दल मी दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर तुमचा एक शब्द नाही. कड्यावरच्या वाऱ्यात कॅमेऱ्यातल्या माइकवर फक्त घरघर येते. माइकवर लावायची केसाळ टोपी ही पाचशे-हजाराची वस्तू पन्नास हजारांच्या लेन्सपेक्षा व्हिडिओ जास्त सुधारते. बघणारा अंधुक चित्र चालवून घेतो, फाटलेला आवाज घेत नाही. पण सेन्सरचे मिलिमीटर मोजण्यात जी मजा आहे ती टोपीत नाही, हे समजू शकतो.

ड्रोन मुद्दाम टाळला. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला बरीच सवलत आहे, म्हणून लोकांना वाटतं कुठेही उडवावा. पण नकाशावरचे लाल आणि पिवळे, म्हणजे परवानगी लागणारे, विभाग त्यालाही लागू आहेत, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय उडवता येत नाही. २०२५ मध्ये रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर वगैरे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यानंतर तर पहारा वाढेल, कमी होणार नाही. शिवाय २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. अशी वस्तू नवख्याला ‘घ्याच’ म्हणून सुचवणं मला जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही लिहा, मी वाचेन.



शेवटचं, कंपनीने पैसे दिलेत का. नाही. बॉडी मी फोर्टमधल्या बोरा बाजारातून वापरलेली घेतली, लेन्सही सेकंडहँड, एका निवृत्त गृहस्थांकडून. दोन्हीची पावती माझ्याकडे आहे. बाजूच्या रकान्यात माझा पत्ता आहे, तिथे मेल करा, दोन्ही पाठवतो. पावतीवरचे आकडे बघून यात नक्की कुठल्या कंपनीचा फायदा झाला ते मात्र मला उलट टपाली कळवायचं.