खुलासा : ‘पोळी-भात पूर्ण बंद करा’ असं राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेलं नाही

“हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा इशारा : गहू आणि तांदूळ आजपासून बंद” असा मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) या संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पुस्तिका संस्थेच्या वेबसाइटवर मोफत आहे. मी ती उघडून पाहिली. त्यात धान्य बंद करा असं म्हटलेलं नाही. दिवसभराच्या उष्मांकापैकी धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं म्हटलंय. २००० कॅलरींच्या नमुना ताटात धान्य २५० ग्रॅम आहेच (वजन कच्च्याचं, शिजवलेल्याचं नव्हे). सोबत भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, डाळी-कडधान्यं ८५, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि दूध ३०० मिली. आपल्याकडे खरी उणीव इथे आहे: ताटात भाताचा डोंगर, आमटी पातळ आणि भाजी चमचाभर. म्हणजे भात थोडा कमी, उसळ आणि पालेभाजी जास्त. भाकरीही खुशाल खा, फक्त ती धान्याच्या वाट्यातच मोजा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, हेही त्यात आहे. लोणचं-पापड त्यातच मोजायचे.

मला जास्त काळजी मधुमेहींची वाटते. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना धान्य एकदम सोडलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. असा बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.