बोट उभी असताना झिजते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

जेट बोटीचं (पंख्याऐवजी पंपाने पाणी मागे फेकून चालणाऱ्या बोटीचं) ऑइल घरी बदलून ती पावसाळ्यासाठी कशी ठेवायची, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत. तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाचं बोलणं एका ओळीत उडवून लावता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचे आक्षेप तीन. पुण्यात बर्फ पडत नाही, मग अमेरिकेतलं ‘विंटरायझिंग’, म्हणजे हिवाळ्यासाठी इंजिन तयार करून ठेवणं, इथे कशाला? ताजं ऑइल भरून बोट चार महिने उभी करणं म्हणजे पैसे वाया, ऑइल सीझन सुरू होताना बदलावं. आणि घरी ऑइल काढणारे शेवटी ते गटारातच ओततात.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. शब्द थंड मुलखातलाच आहे. तिकडे इंजिनात राहिलेलं पाणी गोठलं की जवळपास ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो, म्हणून अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारा द्रव, भरतात. पुण्याचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ मधला. त्यामुळे अँटिफ्रीझ आपल्याला लागत नाही, हे मी लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. पण आमची बोट दापोलीकडे समुद्रात चालते. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तिकडे पाणी गोठून घात करतं, इकडे वाळून. पाणी उडून जातं, मीठ एक्झॉस्टच्या जॅकेटमध्ये (एक्झॉस्टभोवती पाणी फिरतं त्या पोकळीत) आणि जेट पंपात बसून राहतं. जूनची दमट हवा लागली की तेच मीठ ओल धरतं आणि ॲल्युमिनियम खायला लागतं. म्हणून मेअखेरीस ताम्हिणीतून ट्रेलरवर बोट धायरीला आणली की पहिलं काम गोड्या पाण्याने फ्लश करण्याचं, म्हणजे इंजिन आतून धुण्याचं.

त्यातला क्रम तुम्हाला उलटा वाटला, पण आमच्या इंजिनाला तोच बरोबर आहे. आधी इंजिन सुरू, मग लगेच फ्लशच्या पाण्याचा नळ. थांबवताना आधी नळ बंद, काही सेकंद इंजिन चालवून आतलं पाणी बाहेर फेकायचं, मग इंजिन बंद. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा दाब नसतो. ते साठत साठत मागे सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो.

आता ऑइल. खरा मतभेद इथे आहे. तुमच्याकडे येणाऱ्या गाड्या रोज चालायच्या. ऑइल रोज तापायचं, त्यातली ओल उडून जायची. तिथे ‘किलोमीटर भरले की बदला’ हे अगदी योग्य. बोट मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत जागची हलत नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं असतात, न जळलेलं पेट्रोल असतं, ओल असते. चालत्या इंजिनात हे सगळं फिरत राहतं. उभ्या इंजिनात ते बेअरिंगला आणि क्रँकला चार महिने चिकटून बसतं.

पहिल्या वर्षी मी आणि मेहुण्याने तुम्ही म्हणता तसंच केलं होतं, ऑइल सीझन सुरू होताना बदलू म्हणून ठेवलं. सप्टेंबरात ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पिवळट थर. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून बघितलं, ताकासारखं फिकट आणि पातळ. इंजिन खोलावं लागलं. बेअरिंगवर सुईने टोचल्यासारखे बारीक निस्तेज डाग होते आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, तपकिरी गंजाची एक रेघ. नख फिरवलं की ती रेघ अडायची. त्या कामाला जो खर्च आला त्यात कितीतरी वर्षांचं ऑइल आलं असतं.

तेव्हापासून फ्लश करताना इंजिन कोमट झालं की लगेच डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून घेतो, कारण बोटीत खालच्या बोल्टपर्यंत हात पोचत नाही. फिल्टर बदलतो, नवं ऑइल भरतो आणि पाणी लावून एक-दोन मिनिटं चालवतो, म्हणजे आतल्या प्रत्येक भागावर स्वच्छ ऑइलचा थर बसतो. मग थांबून लेव्हल बघायची. जास्त भरलं तर ते एअर बॉक्समध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या डब्यात, चढतं. आणि पैसे वाया जात नाहीत, काका. या ऑइलमध्ये ज्वलनाची घाण नसते, चार महिन्यांत ते बिघडत नाही. सीझन त्याच ऑइलवर सुरू होतो, वर्षातून बदल एकदाच.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. म्हणून पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून टाकी भरून ठेवतो. बॅटरी काढून घरात.

गटाराबद्दल तुमचा राग रास्त आहे, आणि लेखात मी त्यावर एक ओळही लिहिली नव्हती, ही चूकच. जळकं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. मी ते नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरतो, जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळतो, आणि जवळच्या ज्या वर्कशॉपचं ऑइल अधिकृत रीसायकलर उचलतो, त्यांच्या ड्रममध्ये नेऊन ओततो. भंगारवाल्याला देत नाही, ते पुढे कुठे जळेल याचा नेम नाही. आणखी एक, जे तुमच्या लिहिण्यामुळे लक्षात आलं. बोट ठेवताना तळाचे ड्रेन प्लग आपण काढून ठेवतो. फिल्टर काढताना तळात चार थेंब जरी सांडले आणि पुसायचे राहिले, तर पुढच्या धुण्यात ते प्लगमधून पार्किंगमध्ये, तिथून नाल्यात आणि नाल्यातून मुठेत जातात. आता फिल्टरखाली आधी जुनी चादर अंथरतो आणि तळ कोरड्या फडक्याने पुसून झाल्यावरच प्लग काढतो. हे आजच लेखात घातलंय, अँटिफ्रीझचा परिच्छेद काढून त्याच्याच जागी.