बोटीवर जे मिळतं, ते गावात का नाही?

इंग्लंडहून गोव्याला गेलं की बंद घरांचा विषय निघतोच. मुलं परदेशात, घराला कुलूप, मग एक दिवस ते कुणा दिल्लीवाल्याला विकलं जातं आणि गाव हातचं जातं. यंदा त्यात आणखी एका विषयाची भर पडली, तीही माझ्यामुळे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं वर्षातले बरेच महिने, जमलं तर कायमचंच, क्रूझवर राहायचा विचार करतोय, एवढंच मी बोलले. वहिनीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "एवढं घर असताना म्हातारपण बोटीवर काढणार?" प्रश्न रास्त आहे. बाहेर राहणाऱ्यांना गावाचं काही पडलेलं नाही, हे जे त्यात धरून चाललेलं असतं, ते मात्र मला मान्य नाही.

घर विकण्याची भीती तर आमच्या बाबतीत उगाचच आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यामुळे वडिलोपार्जित घर विकायचं तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार यांच्या सह्या लागतात. आमच्या मार्दोळच्या घराला चार लागतील, म्हणजे मी एकटी ते विकूच शकत नाही. ज्या घराला वीस-पंचवीस लागतात, तिथे विक्री होत नाही आणि दुरुस्तीही होत नाही. कितीतरी कुलुपांमागे हे कारण आहे. परदेशात गेलेल्यांना दोष देताना त्याचा उल्लेख कुणी करत नाही.

मी साउथहॅम्प्टनला राहते. ब्रिटनमधलं हे सगळ्यात मोठं क्रूझ बंदर. जानेवारीत इथून जगप्रवासाला बोटी निघतात आणि साधारण शंभर दिवसांनी परत येतात. समुद्रावर कायम राहणारी माणसंही आता नवलाची नाहीत. 'द वर्ल्ड' हे जहाज २००२ पासून फिरतंय, त्यावर १६५ घरं आहेत आणि मालकी तिथल्या रहिवाशांचीच आहे. ती अतिश्रीमंतांची दुनिया. पण २००४ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या वैद्यकशास्त्राच्या एका नियतकालिकात डॉक्टरांनी हिशेब मांडला होता, की तिथल्या वृद्धनिवासात राहायचा आणि क्रूझवर राहायचा खर्च जवळपास सारखाच येतो. खोली झाडून मिळते, तिन्ही वेळा जेवण मिळतं, डॉक्टर बोटीवरच असतो, मध्यरात्री फोन केला तरी माणूस दाराशी येतो.

मग अडचण कुठे? 'लाइफ अ‍ॅट सी' नावाची तीन वर्षांची सफर नोव्हेंबर २०२३ मध्ये निघायच्या तोंडावर रद्द झाली, कारण कंपनीकडे जहाजच नव्हतं. लोकांनी त्याआधी घरं भाड्याने देऊन, विकून टाकली होती. पुढच्या वर्षी 'व्हिला व्ही ओडिसी' दुरुस्तीसाठी बेलफास्टला चार महिने अडकून पडली. हे सोडून देऊ, नव्या धंद्यात असं होतं. माझी खरी धास्ती आजारपणाची आहे. बोटीवरचा दवाखाना ताप, जखम, छातीत दुखणं इथपर्यंत सांभाळतो. दुखणं मोठं असलं की पुढच्या बंदरात उतरवतात, मग तिथे तुमचं कुणी असो वा नसो. माझा पासपोर्ट भारतीय आहे. ब्रिटनबाहेर सलग दोन वर्षं राहिले तर इथला कायम वास्तव्याचा परवाना आपोआप जातो. म्हणजे ज्या वयात आधार हवा, त्याच वयात कुठलाच देश पूर्णपणे आपला उरणार नाही. कायमचं राहणं मी मनातून काढून टाकलं ते यामुळे.

मागच्या सफरीत जेवणाच्या टेबलावर आमच्या शेजारी एक खूप वयस्कर इंग्लिश बाई एकट्याच बसायच्या. हात थरथरायचे. जेवण वाढणारा मुलगा गोव्यातल्या केपेंचा. तो रोज न सांगता त्यांचा मासा काट्यापासून सोडवून द्यायचा, गोळ्यांची डबी उघडून ग्लासाशी ठेवायचा, आणि आदल्या दिवशीची गोळी राहिली असली तर लटकं रागवायचा. मी कोकणीत चौकशी केली तेव्हा म्हणाला, "आवय घरा एकटीच आसा." आई गावात, हा आठ-नऊ महिन्यांच्या करारावर. सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन येणारा पोदेर हाच तिच्या दाराशी नेमाने येणारा माणूस. एखाद्या दिवशी तिने दार उघडलं नाही, तर ते सगळ्यात आधी त्यालाच कळणार.

गोव्यातली मुलं पिढ्यान् पिढ्या बोटीवर कामाला जातात. त्यांच्या पगारातून घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली. म्हाताऱ्या माणसाशी मायेने कसं वागावं हे त्या मुलांना उत्तम येतं, आणि तीच सेवा विकत घ्यायला मी निघाले आहे. ती त्यांच्या आईवडिलांच्या वाट्याला का येऊ नये, यावर मात्र आपल्याकडे चर्चाच होत नाही. चर्चा होते ती घर कुणाला विकलं याची.

सोय करायची म्हटली तर जागा आपल्याकडे आहे. मार्दोळ, मंगेशी, नागेशी, कवळे, फोंडा तालुक्यातल्या या देवळांना अग्रशाळा आहेत. दर्शनाला आलेल्या महाजनांसाठी, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांसाठी, बांधलेल्या या खोल्या, शेजारीच देऊळ, तळी, माणसांची ये-जा. जत्रा आणि लग्नसराई सोडली तर त्यातल्या बऱ्याच रिकाम्या असतात. त्यातल्या चार-सहा खोल्या गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना द्याव्यात. दोन वेळचं साधं जेवण, रात्री एक नर्स, बांबोळीच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी. खर्च राहणाऱ्याने झेपेल तेवढा द्यावा, उरलेला आम्ही परदेशातल्यांनी उचलावा. देवळाच्या जीर्णोद्धाराला आम्ही देतोच की. आणि त्या खोल्या फक्त महाजनांना नकोत. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, विधवेलाही तिथे तितकाच हक्क हवा. नियम आड येत असतील तर ते बदलावे लागतील, आणि विरोध इथेच होईल हे मला ठाऊक आहे.

आमचं तूर्तास असं ठरलंय: निवृत्तीनंतर पहिल्या जानेवारीत जगप्रवासाची बोट, परतल्यावर साउथहॅम्प्टन, आणि पावसाळा संपला की मार्दोळ. घराची कौलं शाकारायचे पैसे मी दादाला पाठवले आहेत. त्याच्यासोबत अग्रशाळेबद्दलचं पत्रही दिलंय. महाजनांच्या पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवायला तो तयार आहे. तिथे मला मत नाही, कारण आमच्याकडे महाजनकी अजून पुरुषांकडेच आहे. गावातल्या बायकांनी त्या पत्रावर सह्या कराव्यात, एवढीच माझी विनंती आहे.