नवतप्यात घराला रंग देऊ नका

"नवतप्यात घर रंगवा, रंग पटकन वाळतो. पंखा फुल ठेवा. डब्यात सढळ पाणी घाला, रोलर दाबून मारा. तरी पट्टे दिसले तर वरून तिसरा हात द्या." हा सल्ला सध्या नागपुरात ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. नवतपा म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस. महाल भागातल्या माझ्या घराची पश्चिमेकडची भिंत मी याच पद्धतीने रंगवली होती. संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की तिच्यावरचे उभे पट्टे अजून मोजता येतात.

पटकन वाळणं, हेच तर पट्ट्यांचं मूळ. रोलरचा एक पट्टा ओढला की दुसरा त्याच्या ओल्या कडेवर चढायला हवा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, भिंत हाताला चटका देणारी. इमल्शनमधलं, म्हणजे पाणी घालून लावायच्या रंगातलं, पाणी तुम्ही रोलर ट्रेमध्ये बुडवून परत येईपर्यंत उडतं. कड वाळते, तिच्यावर पुन्हा रंग चढतो आणि तेवढ्या जागी थर दुप्पट होतो. पंख्याने हे आणखी लवकर होतं. उन्हाळ्यातच रंगवायचं असेल तर सकाळी लवकर सुरू करा, पंखा बंद ठेवा, कूलरचा झोतही भिंतीवर नको. कोपरे ब्रशने आधी सगळ्या खोलीचे भरून ठेवू नका. एका भिंतीचे भरा आणि लगेच तीच भिंत रोलरने पूर्ण करा. मध्ये चहाला थांबू नका, कितीही आग्रह झाला तरी.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, आणि दर वेळी मापून. अंदाजाने ओतलं की एक ट्रे दाट, दुसरी पातळ, आणि भिंतीवर दोन छटा.

दाबल्याने रंग रोलरच्या दोन्ही टोकांतून बाहेर येतो आणि रेघा उमटतात. जोर लावावा लागतोय म्हणजे रोलर कोरडा झालाय, पुन्हा बुडवा. शेवटी हलक्या हाताने वरून खाली, सगळीकडे एकाच दिशेने फिरवा.

तिसऱ्या हाताने पट्ट्यांचे उंचवटे झाकले जात नाहीत. आधी ते बारीक पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. डाग फक्त पुट्टीच्या ठिगळांवर दिसत असतील तर तिथे प्रायमर (रंगाआधीचा थर) राहून गेलाय; पुट्टी रंग जास्त शोषते. प्रायमर मारा, वाळू द्या, मग अख्ख्या भिंतीला एक हात. नुसत्या ठिगळावर मारलात तर ते वेगळंच चमकेल.