स्टाफ टिकत नाही? मग हे वाचाच

डॉक्टरसाहेब, औसा-निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात दवाखाना थाटलाय ना? मग पहिलं पथ्य पाळा: स्टाफला नोकर म्हणू नका. 'सगळी आपल्या घरचीच माणसं' असं येता-जाता म्हणत राहा. घरच्या माणसाला ओव्हरटाइम नसतो आणि एक तारखेला पगार मागताना त्यालाच लाज वाटते.

सिस्टर ठेवताना जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेलीच्या नादी लागू नका. तीन वर्षं शिकून आलेली पोरगी आधी रजिस्ट्रेशन दाखवते, मग पगार विचारते. त्यापेक्षा गावातलीच बारावी झालेली बघा. अंगावर पांढरा कोट चढला की पेशंट तिला आपोआप सिस्टर म्हणतात. आठवड्यात सलाईन लावायला शिकते, आणि बाजाराच्या दिवशी निम्मी ओपीडी 'बाटली लावा' म्हणतच येते. शीर नाही सापडली तर दुसरा हात असतोच.

कचऱ्याचं मात्र नियमाने करा. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग ठरवून दिलेत. चारही डबे आणा, दर्शनी भागात ओळीने मांडा, फोटो काढून ठेवा. संध्याकाळी मावशी सगळं एकाच पोत्यात भरतील, तेव्हा तिकडे बघू नका. कचरा हाताळणाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या, असंही त्याच नियमांत आहे म्हणे. पण हेपॅटायटिसचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. मावशी तेवढं टिकतील याची हमी कोण देणार? आधी टिकू द्या, मग बघू. भिंतीवर त्या लसीचं पोस्टर लावलेलं आहे, ते राहू द्या. पेशंटांसाठी आहे ते.

रजेच्या बाबतीत कडक राहा, विशेषतः येळवशीला, म्हणजे आपल्या लातूरकडच्या वेळा अमावस्येच्या सणाला. त्या दिवशी कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात, अख्खं गाव शेतात जातं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हणूनच सिस्टर, कंपाउंडर आणि मावशी तिघांनाही थांबवून ठेवा. इमर्जन्सी सांगून येत नसते. तुम्ही स्वतः मित्राच्या शेतात कडब्याच्या कोपीजवळ बसून भज्जी आणि आंबील घ्या, पण मोबाईलवर सीसीटीव्ही चालू ठेवा. रिकाम्या ओपीडीत कोणी डबा उघडलेला दिसला की कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून विचारा, 'काय चाललंय?' दचकून भाकरी हातातून पडली तर शिस्त मुरली असं समजा.

पगारवाढीचा विषय निघाला की डोळे मिटून म्हणा, 'यंदा सोयाबीनला भाव नाही, पेशंट उधार ठेवतात.' नवी गाडी तेवढी दवाखान्यामागे लावत जा.

एवढं करूनही कोणी सोडून गेलं, तर डॉक्टरांच्या बैठकीत खुशाल सांगा, 'आजकाल कोणाला कामच नकोय.' शेजारचे डॉक्टर जोरजोरात मान हलवतील. हजार रुपये जास्त देऊन तुमची सिस्टर त्यांनीच नेलेली असते. त्यांच्याकडेही सगळी घरचीच माणसं आहेत.