तीन फुटांचा फरक

जुनी ऑडी टीटी घ्यावी की नवी मर्सिडीज ई-क्लास, असा प्रश्न पडणारी माणसं बेळगावात थोडी. त्यावर सल्ला देणारी मात्र गल्लीगणिक दहा. मीही त्यातलाच, म्हणून आधी टेप काढू. दुसऱ्या पिढीची टीटी 4178 मिलिमीटर लांब, 2024 मध्ये आलेली लांब व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ई-क्लास 5092. फरक 914, म्हणजे बरोबर तीन फूट. रुंदी बघा: 1842 आणि 1880. फरक दोन बोटांचा. म्हणजे खडेबाजारात दोन्ही गाड्या सारख्याच अडकतात. मर्सिडीज फक्त जास्त दुकानांसमोर अडकते.

लहान गाडी गल्लीत बरी, ही समजूत दार उघडेपर्यंतच टिकते. दोनच दारं असल्यामुळे टीटीचं दार लांबलचक, आणि शेजारी स्कूटर लावलेली असली की ते अर्धंच उघडणार. त्या फटीतून आत जायचं तर आधी बूड, मग डोकं, शेवटी पाय. उतरताना हेच उलट, आणि बघायला कट्ट्यावरची मंडळी असतातच. "चार दारांची मिळाली नाही काय ओ?" हा प्रश्न फुकट.

या दाराच्या काचेला वर चौकट नाही. हँडल ओढलं की काच बोटभर खाली सरकते, दार लागलं की वर चढून रबरात बसते. हे काम दाराच्या कुलपातल्या मायक्रोस्विचचं. तो गेला की काच जागची हलत नाही, दार लावताना रबरावर आदळते आणि फट राहते. बेळगावच्या जुलैत पाणी थेट मांडीवर.

मागे दोन सीट आहेत असं कागद म्हणतो. तिथे मोठ्या माणसाचं डोकं काचेला लागतं. डिकीचं झाकण त्या काचेसकट खाली येतं, तेव्हा आपटण्याआधी आतल्याला मान खाली घालायला सांगावं. कुंद्याचे डबे मात्र त्या सीटवर झकास बसतात.

आता टीटीचं खरं दुखणं. सुरुवातीच्या 2.0 टीएफएसआय या पेट्रोल इंजिनात पेट्रोलचा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, चालतो आणि दोघांच्या मध्ये बाटलीच्या टोपणाएवढा कॅम फॉलोअर असतो. कॅम त्याच्यावर घासत राहतो. आधी काळा लेप जातो, मग चांदी दिसते, मग भोक पडतं, आणि भोक पडल्यावर कॅमशाफ्टचंच बिल येतं. माझ्या मते दर 20,000 किलोमीटरला तो काढून बघावा. इंजिन थंड, पेट्रोलचं प्रेशर उतरवलेलं, तोंडावर चष्मा. टी30 टॉर्क्सचे तीन बोल्ट सोडून पंप काढा, फॉलोअर बाहेर ओढा, मधला भाग उजेडात धरा. चकाकला तर नवा घाला. पंप परत बसवताना तिन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. उद्यमबागेत लेथ पावलोपावली आहेत, म्हणून "करून देतो की" म्हणणारा भेटेलच. त्याला हायड्रॉलिकचं बुश करायला द्या, हे नको. त्या लेपाचं काम लेथवर होत नाही.

डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर 60,000 किलोमीटरला तेल आणि फिल्टर. हे झालं की चोर्ला घाटात ही गाडी सगळे अपमान भरून काढते.

मर्सिडीजचा त्रास शांतपणे, स्क्रीनवर लिहून येतो. डिझेलवरची ई 220 डी रोज टिळकवाडी ते शहापूर एवढीच, गावातल्या गावात फिरली तर डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली काजळी जाळायला लागणारी उष्णता टिकत नाही. जाळणं अर्धवट राहतं, काजळी साठते, दिवा लागतो. उपाय म्हणजे हायवेला एका लयीत दौड. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरपर्यंत जाऊन या; पुण्यही लागतं आणि फिल्टरही साफ होतो. मग ॲडब्लू, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं पाणी. ट्रकवाल्यांचं डीईएफ तेच, पाण्यात 32.5 टक्के युरिया. ते संपत आलं की स्क्रीनवर उरलेले किलोमीटर उलटे मोजले जातात; शून्यावर गाडी एकदा बंद केली की चालू होत नाही. निळं झाकण त्याचं, शेजारचं डिझेलचं. पंपावरच्या पोराने चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर किल्लीला हात लावू नका, बटणालाही नाही. गाडी टो करून टाकी रिकामी करून घ्या.

राहिले कागद. कागलपलीकडून एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची टीटी स्वस्तात मिळते, पण दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांवर ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओची एनओसी, कर, बेळगावची केए 22 ची पाटी: गाडीचा सीमाप्रश्न एवढ्यात मिटतो. मात्र टीटी हंगेरीत बनून आयात झालेली. आरसीला (गाडीच्या नोंदणीला) 15 वर्षं झाली की नूतनीकरणाला 2022 च्या दराने साध्या कारला 5,000 रुपये, आयात गाडीला 40,000. सौदा करताना हा आकडा विकणाऱ्याच्या कानावर घाला. किंमत लगेच खाली येते.