धुऱ्यावर भांडा, पण इंग्रजीत

भाऊ, गावात राहून अजून मराठीतच शिव्या देता? सुधरा आता. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणाऱ्याला हलकट म्हणलं की तो कुऱ्हाड काढते, इंग्रजीत म्हणलं तर निदान थोडा वेळ विचार तरी करते.

आमच्या पुतण्यानं (पुण्याला शिकते) मागच्या पेरणीत करून पाहिलं. बाजूवाल्यानं आमची दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, दाबली होती, त्याला हा म्हणे, "अंकल, यू आर सो पेटी." बाजूवाला म्हणे, "मायाजवळ पेटी असती तं तुमची दोन तासं कायले दाबली असती बे?" लाखाची पेटी त्याला माहीत, त्याचं बरोबरच होतं म्हणा. इंग्रजीत पेटी म्हणजे हलक्या मनाचा, पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसता लहान, बारका. लहान माणूस अन हलका माणूस यात फरक करायची तिकडे गरज पडली नसावी.

पण खरी मजा व्हिलनमध्ये आहे. लॅटिनमध्ये विला म्हणजे मालकाचं शेतावरचं घर, अन तिथं राबणारा तो विलानुस, म्हणजे आपला सालदार हो, पाडव्याला ज्याच्यासोबत वर्षाची बोली होते तो. 1066 मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडचे मालक झाले, फ्रेंचमधूनच हा शब्द तिकडे गेला, अन लिहिणारे-वाचणारे मालकाच्याच बाजूचे, त्यामुळे राबणाऱ्याच्या नावाची हळूहळू शिवी झाली, आता तो पिक्चरच्या शेवटी मार खाते. बूर म्हणजे रानटी, तोही मुळात शेतकरीच, डच लोक शेतकऱ्याला आजही बूरच म्हणतात. पेगन, म्हणजे आपला धर्म न मानणारा, तोही लॅटिनमधला खेडूत. म्हणजे शिवी द्यायला तुम्हाला वेगळं काही करायचंच नाही, समोरच्याला त्याचा सातबारा वाचून दाखवला की झालं.

लाच हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. ब्राइब म्हणा, जुन्या फ्रेंचमध्ये तो भिकाऱ्याला दिलेला भाकरीचा तुकडा होता. साहेबाला चहापाण्याची नोट देताना हात कसा धरायचा ते तुम्हीच पहा.

ब्लॅकमेलमधल्या मेलचा पोस्टाशी काही संबंध नाही. 16व्या शतकात स्कॉटलंडच्या सीमेवर टोळीवाले सरदार शेतकऱ्यांकडून गुरंढोरं न पळवण्याचे पैसे घ्यायचे, त्या वसुलीचं हे नाव. आपले नागपूरचे भोसले चौथ गोळा करायला पार बंगालपर्यंत गेले होते, पण तो गौरवशाली इतिहास आहे, तिथं इंग्रजी शब्द वापरू नये.

अन लूट, ठग हे शब्द तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले. बाकी नेलेल्या मालाची पावती नाही भेटली, यांची डिक्शनरीत नोंद तरी आहे.

पुतण्यानं हे सगळं धुऱ्यावर उभं राहून बाजूवाल्याला समजावलं, व्हिलन म्हणजे सालदार वगैरे. त्यानं चुपचाप ऐकलं, खर्रा थुंकला, अन म्हणे, "यंदा सालदार भेटूनच नाई राह्यला, एखादा व्हिलन असन तं पाठव."

तासं अजून त्याच्याकडेच आहेत. तूर लावली त्यात.